विश्लेषण : किशोरवयीन मुलांवर ‘वादळी’ हा शिक्का कोणी मारला? स्टॅनले हॉल आणि त्यांच्या प्रश्नावल्यांची गोष्ट

मुलगा नववी-दहावीत गेला की खोलीचे दार लावून बसतो. मुलगी विचारल्याशिवाय बोलत नाही, विचारले तर चिडते. घरातली मोठी माणसे म्हणतात, हे वयच तसे असते. प्रकरण वाढले, समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे गेले, तर आईवडिलांच्या हातात अनेकदा एक छापील फॉर्म येतो. मूल लवकर चिडते का, मित्र आहेत का, खोटे बोलते का, असे प्रश्न आणि प्रत्येकासमोर खूण करायला चौकटी. अमरावतीजवळचे नांदगाव पेठ असो की अमेरिकेतले बोस्टन, फॉर्मची पद्धत साधारण सारखीच असते.

हे वय वादळी असते ही समजूत आणि मुलांविषयी मोठ्या माणसांना छापील प्रश्न पाठवण्याची पद्धत, या दोन्ही गोष्टी जगभर पसरवणारा माणूस एकच होता. त्यांचे नाव ग्रॅनव्हिल स्टॅनले हॉल. २४ एप्रिल १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी पालकांना आणि शिक्षकांना हजारो प्रश्न विचारले. पण आलेली उत्तरे खरी किती, हे तपासण्याची रीत त्यांनी घालून दिली नाही. ती उणीव भरून काढण्यात पुढच्या पिढ्या गेल्या. आज कोणत्याही पालकाने फॉर्मवर खूण करण्याआधी ही गोष्ट माहीत असणे उपयोगाचे आहे.

कोण होते स्टॅनले हॉल?

हॉल यांचा जन्म १८४० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अ‍ॅशफील्ड या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे होते. आई आणि वडील दोघांनीही काही काळ शिक्षकी केली होती, त्यामुळे घरात पुस्तकांना मान होता. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी आईची इच्छा होती. हॉल १८६७ मध्ये विल्यम्स कॉलेजातून पदवीधर झाले आणि न्यूयॉर्कला धर्मशिक्षण घ्यायला गेले. मात्र मन रमले ते तत्त्वज्ञानात आणि नव्याने उदयाला येणाऱ्या विज्ञानात.

तिथून जर्मनी, मग ओहायोतील अँटिओक कॉलेजात अध्यापन, मग हार्वर्ड असा त्यांचा प्रवास झाला. १८७८ मध्ये हार्वर्डमधून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विल्यम जेम्स हे त्यांचे मार्गदर्शक. अमेरिकेत मानसशास्त्रातली ही पहिली डॉक्टरेट मानली जाते. त्यानंतर ते पुन्हा जर्मनीला गेले आणि लाइपझिगमध्ये विल्हेल्म वुंट यांच्याकडे काही काळ राहिले. माणसाच्या मनाचा अभ्यास प्रयोगशाळेत करता येतो, ही तेव्हा अगदी ताजी कल्पना होती.

एवढे शिकून १८८० मध्ये हॉल मायदेशी परतले, तेव्हा हातात नोकरी नव्हती. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न झालेले. मानसशास्त्राची पदे जवळजवळ नव्हतीच. अशा वेळी हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी त्यांना एक काम दिले. बोस्टनमधील शिक्षकांसाठी दर शनिवारी शिक्षणशास्त्रावर व्याख्याने द्यायची. ती व्याख्याने चांगलीच गाजली. शाळांत काय चालले आहे हे शिक्षकांकडून ऐकता ऐकता हॉल यांना त्यांचा विषय सापडला.

मुलांना प्रश्न विचारायला सुरुवात कशी झाली?

शाळेत पहिल्यांदा येणाऱ्या मुलाच्या डोक्यात आधीपासून काय असते, हा हॉल यांचा पहिला प्रश्न होता. बर्लिनमध्ये १८६९ साली अशीच पाहणी झाली होती. तिचा धागा धरून त्यांनी बोस्टनच्या मुलांसाठी प्रश्नांची यादी तयार केली. गाय पाहिली आहे का, मधमाश्यांचे पोळे पाहिले आहे का, पाऊस कुठून येतो, लाकूड कशापासून मिळते, असे ते प्रश्न होते. बालवाडीच्या अनुभवी शिक्षिकांनी मुलांना दोन-तीनच्या गटात जवळ बसवून ते विचारले. सुमारे २०० मुलांची उत्तरे शेवटी हिशेबात धरली गेली. ज्या नोंदी नीट घेतलेल्या नव्हत्या, त्या हॉल यांनी बाजूला काढल्या.

१८८३ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि लोक चकित झाले. शहरातल्या ८० टक्के मुलांना मधमाश्यांचे पोळे माहीत नव्हते. जवळपास पाचातल्या एकाला गायीची ओळख नव्हती. काहींना गाय हा शब्द ठाऊक होता, पण ती पुस्तकातल्या चित्राएवढीच असते असे त्यांना वाटत होते. मुलाने शब्द म्हणून दाखवला याचा अर्थ त्याला वस्तू कळली असा होत नाही, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. धड्यात येणारी गोष्ट मुलाने कधी पाहिली आहे का, हे शिक्षकाने आधी बघावे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होता.

या पाहणीत एक गोष्ट चांगली होती. प्रश्न थेट मुलांना विचारलेले होते, विचारणाऱ्या शिक्षिका कामात मुरलेल्या होत्या आणि सदोष नोंदी वगळल्या होत्या. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हॉल यांचे काम वाढत गेले, तशी ही काळजी मात्र मागे पडली.

क्लार्क विद्यापीठात काय घडले?

व्याख्यानांच्या यशानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना बोलावले. १८८३ मध्ये त्यांनी तिथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. १८८७ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्राचे पहिले नियतकालिक काढले. मग वूस्टर गावातील श्रीमंत व्यापारी जोनास क्लार्क यांनी नवे विद्यापीठ उभारायचे ठरवले आणि हॉल त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १८८९ मध्ये क्लार्क विद्यापीठ सुरू झाले.

पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, हॉल यांच्या घरावर मोठा आघात झाला. घशाच्या गंभीर आजारातून उठलेले हॉल हवापालटासाठी गावाबाहेर होते. घरात दिव्याच्या गॅसमुळे गुदमरून त्यांची पत्नी कॉर्नेलिया आणि लहान मुलगी जूलिया, दोघींचा मृत्यू झाला. मुलगा रॉबर्ट वाचला. आईविना वाढणाऱ्या मुलाला सांभाळत हॉल यांना नवे विद्यापीठही चालवायचे होते.

संकटे तिथे थांबली नाहीत. देणगीदार क्लार्क यांनी हात आखडता घेतला. १८९२ मध्ये नव्या शिकागो विद्यापीठाने जास्त पगार देऊन क्लार्कमधले बरेच प्राध्यापक आणि विद्यार्थी नेले. त्याच वर्षी हॉल यांच्या पुढाकाराने अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन स्थापन झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे देशातल्या मानसशास्त्रज्ञांची संघटना हाताशी होती, पण स्वतःचे विद्यापीठ रिकामे होत होते. महागडी उपकरणे घेण्याइतका पैसा उरला नव्हता. छापील प्रश्नपत्रक आणि टपालाचे तिकीट मात्र स्वस्त होते.

पालकांकडे प्रश्नावल्या कधी गेल्या?

टपालाने प्रश्न पाठवून माहिती गोळा करणे ही हॉल यांची मूळ कल्पना नव्हती. चेहऱ्यावरील भावांविषयी चार्ल्स डार्विन यांनी आणि आनुवंशिकतेविषयी फ्रान्सिस गाल्टन यांनी आधीच असे केले होते. हॉल यांनी ते मुलांच्या अभ्यासात आणले आणि कारखान्यासारखे चालवले.

१८९४ पासून क्लार्कमधून एकामागून एक प्रश्नावल्या निघू लागल्या. राग, भीती, रडणे-हसणे, बाहुल्या, खेळणी, खोटे बोलणे, धर्माची जाणीव, असा प्रत्येक प्रश्नावलीचा वेगळा विषय असे. १९१५ पर्यंत हॉल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९४ प्रश्नावल्या तयार केल्या होत्या. त्या शिक्षकांकडे, आयांकडे आणि शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनींकडे जात. मूल रागावते तेव्हा काय करते, ते लिहा. तुमच्या लहानपणी कशाची भीती वाटायची, ते आठवून लिहा. उत्तर कसे आणि किती लिहायचे, यावर फारसे बंधन नसे.

उत्तरांचे गठ्ठे येऊ लागले. भीतीवरच्या १८९७ च्या अभ्यासात १,७०१ लोकांनी कळवलेल्या ६,४५६ भीतींची मोजणी होती. त्यात विजा आणि ढगांचा गडगडाट सर्वांत वर होता.

या कामाने एक मोठी गोष्ट साधली. घरात मुलाला रोज पाहणारी आई ही माहितीचा स्रोत असू शकते, हे विद्यापीठाच्या दारात मान्य झाले. १८९७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये आयांची राष्ट्रीय परिषद भरली. अमेरिकेतल्या आजच्या पालक-शिक्षक संघाची ती आई. या चळवळीचे हॉल यांच्या बालअभ्यासाशी जवळचे नाते होते. शाळेने पालकांना बोलवावे, मुलाविषयी विचारावे, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्या काळात नवी होती.

मग चूक कुठे झाली?

टीका त्या काळातच सुरू झाली. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग आणि एडवर्ड थॉर्नडाइक यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी या पद्धतीवर बोट ठेवले. त्यांचे आक्षेप आजच्या भाषेत पुढीलप्रमाणे मांडता येतील.

एक, उत्तर कोणी दिले? ज्यांना हौस होती त्यांनीच पत्रके भरून पाठवली. ज्यांनी पाठवली नाहीत, त्यांची मुले कशी होती हे कळायला मार्ग नव्हता.

दोन, उत्तर कशावरून दिले? बरीचशी उत्तरे आठवणींवर आधारित होती. वीस वर्षांची विद्यार्थिनी आपल्या पाचव्या वर्षीच्या भीतीविषयी लिहीत होती. आठवण म्हणजे नोंदवही नव्हे, ती सांगताना बदलत जाते.

तीन, प्रश्नाने काय सुचवले? मूल रागात वस्तू फेकते का, चावते का, लोळण घेते का, असे पर्याय आधीच पुढे ठेवले की लिहिणाऱ्याला नेमके तेच आठवू लागते.

चार, ताळा कुठे आहे? एकाच मुलाविषयी आई आणि शिक्षिका वेगवेगळे लिहितात का, तोच प्रश्न महिन्याने विचारला तर तेच उत्तर येते का, प्रश्नावलीत रागीट ठरलेले मूल प्रत्यक्षातही तसे वागते का, यातले काहीच पद्धतशीर तपासले जात नव्हते.

हॉल यांचा भर उत्तरांच्या संख्येवर होता. हजारो उत्तरे आली की चुका आपोआप विरून जातील, असा त्या कामाचा एकूण बाज होता. पण सगळ्या चुका एकाच दिशेला झुकलेल्या असतील, तर संख्या वाढवून त्या कमी होत नाहीत. चुकीच्या काट्यावर हजार पोती तोलली, तरी काटा बरोबर होत नाही.

१९०४ च्या ग्रंथाने काय केले?

‘अ‍ॅडोलसन्स’ हा हॉल यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ. १९०४ मध्ये तो दोन खंडांत निघाला आणि दोन्ही मिळून सुमारे १,४०० पाने भरली. शरीराची वाढ, गुन्हेगारी, प्रेम, धर्म, शिक्षण, असे सारे त्यात होते. किशोरवय ही बालपण आणि प्रौढपण यांच्यामधली एक वेगळी अवस्था आहे आणि तिचा वेगळा अभ्यास व्हायला हवा, हे या ग्रंथाने जगाला पटवले. तोवर कामाला जुंपता येईल इतके मोठे झालेले मूल बहुतेकांच्या लेखी लहान आकाराचा मोठा माणूसच होते. हा बदल घडवण्याचे श्रेय हॉल यांना द्यावेच लागेल.

त्याच ग्रंथात वादळाची कल्पनाही होती. अठराव्या शतकातल्या एका जर्मन साहित्य चळवळीचे नाव त्यांनी या वयाला लावले. वादळ आणि ताण, असा त्याचा अर्थ. आईवडिलांशी खटके, मनाचे चढउतार आणि धोका पत्करण्याची ओढ हे या वयाचे स्वाभाविक लक्षण आहे, असे त्यांनी मांडले. या मांडणीला आधार होता तो त्यांच्या प्रश्नावल्यांतून, आत्मचरित्रांतून आणि वैद्यकीय नोंदींतून निवडलेल्या साहित्याचा.

याहून मोठा आधार एका चुकीच्या सिद्धांताचा होता. मूल वाढताना मानवजातीच्या इतिहासाचे टप्पे पुन्हा जगते, असे हॉल मानत. त्यामुळे युरोपबाहेरच्या समाजांना त्यांनी किशोरावस्थेत अडकलेल्या समाजांच्या रांगेत बसवले. त्या रांगेत भारतासारखे वसाहतीतले देशही येत होते. किशोरवयात मुलामुलींनी एकत्र शिकण्याला त्यांचा विरोध होता आणि मुलींच्या शिक्षणाचा रोख मातृत्वाकडे असावा, असे त्यांचे मत होते. हे विचार आज विज्ञान म्हणून कोणी मानत नाही. मात्र १९२० मध्ये याच हॉल यांच्या मार्गदर्शनाखाली फ्रान्सिस सम्नर यांनी डॉक्टरेट मिळवली. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होते. हॉल यांच्या आयुष्यात अशा विसंगती बऱ्याच आहेत.

वादळाचा शिक्का पुसला गेला का?

१९२८ मध्ये मार्गारेट मीड यांनी सामोआ बेटावरच्या मुलींविषयीचे पुस्तक लिहिले आणि हे वय सगळीकडे वादळी नसते, असा दावा केला. त्यांच्या निष्कर्षांवरही पुढे जोरदार वाद झाला. त्याच वर्षी लेटा हॉलिंगवर्थ यांचे किशोरवयीनांच्या मानसशास्त्रावरील पुस्तक आले. त्यांनी हॉल यांच्या जुन्या मांडणीला बाजूला सारले. नंतरच्या दशकांत साध्या, सर्वसामान्य घरांतल्या मुलांच्या पाहण्या झाल्या. बहुतांश मुले आईवडिलांशी बरे संबंध ठेवून या वयातून जातात, असे त्यांतून दिसले. खटके वाढतात आणि मनाचे चढउतारही वाढतात, पण प्रत्येक घरात वादळ येत नाही.

यात पालकांसाठी दुहेरी धोका आहे. हे वय म्हणजे वादळच, असे धरून चालले की सरळ वागणाऱ्या मुलाकडेही संशयाने पाहिले जाते. आणि ज्या मुलाला खरोखर मदत हवी आहे, जे महिनोन्महिने उदास आहे किंवा स्वतःला इजा करत आहे, त्याच्याकडे वयाचा भाग म्हणून दुर्लक्ष होते. न तपासलेल्या माहितीवरून मारलेला शिक्का दोन्ही बाजूंनी नुकसान करतो.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९०९ मध्ये क्लार्क विद्यापीठाला २० वर्षे झाली. त्या निमित्ताने हॉल यांनी सिग्मंड फ्रॉइड आणि कार्ल युंग यांना बोलावले. फ्रॉइड यांची ती अमेरिकेची एकमेव भेट ठरली. युरोपात अनेक विद्वान फ्रॉइड यांना दूर ठेवत असताना त्यांना व्यासपीठ देणे, हे हॉल यांच्या स्वभावाला धरून होते. नवे काही दिसले की ते त्यात उडी घेत. तपासणी मागाहून.

१९२० मध्ये ते अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. १९२२ मध्ये त्यांनी म्हातारपणावर ग्रंथ लिहिला. त्यासाठीही त्यांनी वयस्क मंडळींना प्रश्नावली पाठवली होती. १९२३ मध्ये आत्मचरित्र आले आणि १९२४ मध्ये वूस्टर येथेच त्यांचे निधन झाले. तोवर त्यांची प्रश्नावली पद्धत विद्यापीठांत जुनाट समजली जाऊ लागली होती. मुलांचा अभ्यास थांबला नव्हता, तो त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातात गेला होता.

या कथेचा विदर्भाशी काय संबंध?

हॉल यांच्या हाताखाली क्लार्कमध्ये डॉक्टरेट केलेल्यांत हेन्री गोडार्ड, लुइस टर्मन आणि अर्नोल्ड गेझेल ही नावे आहेत. टर्मन यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीची अमेरिकी आवृत्ती केली. बिने चाचणीची मराठी आणि कन्नड मुलांसाठीची आवृत्ती धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी तयार केली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. आजही ही चाचणी बिने-कामत नावाने ओळखली जाते.

दुसरा धागा थेट पालकांच्या प्रश्नावलीचा आहे. गोडार्ड न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे मतिमंद मुलांच्या संस्थेत संशोधन प्रमुख होते. त्यांनी चाचण्यांच्या आधारे माणसांवर घाईने शिक्के मारले आणि त्यावरून पुढे त्यांच्यावर कडक टीका झाली. त्याच संस्थेत नंतर एडगर डॉल आले. १९३५ मध्ये त्यांनी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी मांडली. मूल स्वतः जेवते का, एकटे बाहेर जाते का, पैसे सांभाळते का, अशा ११७ बाबी मुलाला जवळून ओळखणाऱ्या माणसाला, बहुधा आईला, विचारायच्या. हॉल यांच्या पत्रकांत आणि या श्रेणीत मोठा फरक होता. इथे प्रशिक्षित माणूस समोर बसून विचारतो, प्रत्येक बाब साधारण कोणत्या वयात जमते ते आधी मोजलेले असते आणि मिळालेले गुण त्या मोजमापाशी ताडून पाहिले जातात.

ही श्रेणी भारतीय मुलांसाठी बसवण्याचे काम नागपुरात झाले. नागपूरचे मानसशास्त्रज्ञ ए. जे. मालिन यांनी तिची भारतीय आवृत्ती केली. तिच्यात १५ वर्षांपर्यंतच्या ८९ बाबी आहेत. असे रूपांतर का लागते, हे मूळ श्रेणी पाहिली की कळते. तिच्यात काट्याने जेवणे आणि बर्फावरची घसरगाडी वापरणे अशा बाबी होत्या. वऱ्हाडातले मूल हाताने भाकरी खाते आणि बर्फ पाहते तो गोळ्याच्या गाडीवर. त्याला या बाबींत शून्य मिळाले, तर दोष मुलाचा नसून प्रश्नाचा आहे.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता नाही. बौद्धिक अपंगत्व ठरवण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत याच श्रेणीचा आधार घेण्यात आला. प्रमाणपत्र, सवलती आणि शिष्यवृत्ती त्या गुणांवर अवलंबून असतात. आईच्या उत्तराला इतके वजन असेल, तर प्रश्न आधी तपासलेला असलाच पाहिजे.

आजची प्रश्नावली कशी तपासली जाते?

किशोरवयीनांच्या वर्तनासाठी पालकांनी भरायच्या काही प्रश्नावल्या आज जगभर वापरल्या जातात. अमेरिकेतील थॉमस आखेनबाख यांची वर्तन सूची ६ ते १८ वर्षांसाठी आहे. ब्रिटनमधील रॉबर्ट गुडमन यांची १९९७ मध्ये आलेली प्रश्नावली अवघ्या २५ वाक्यांची आहे. तिच्यात मनाची घालमेल, वागणूक, चंचलता, मित्रांशी जमणे आणि दुसऱ्यांना मदत करणे, असे पाच भाग आहेत. चंडीगडला सविता मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ४ ते १४ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी ७५ प्रश्नांची पालक-मुलाखत तयार केली.

अशी प्रश्नावली वापरात येण्याआधी काही पायऱ्या असतात. त्या समजायला कापूस खरेदीचा काटा डोळ्यांपुढे आणावा.

पहिली पायरी विश्वासार्हतेची. तेच गाठोडे दोनदा ठेवले तर काट्याने तेच वजन दाखवले पाहिजे. तसेच दोन-तीन आठवड्यांनी आईने तीच प्रश्नावली भरली, तर गुण साधारण तेवढेच यायला हवेत. एकाच गोष्टीविषयीचे प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हेही आकडेमोडीने पाहतात.

दुसरी पायरी वैधतेची. काटा अचूक असला तरी तो वजन सांगतो, कापसातला ओलावा सांगत नाही. तशी प्रश्नावली जे मोजते म्हणते, तेच मोजते का? यासाठी तज्ज्ञाने तपासलेली मुले आणि सर्वसाधारण मुले यांचे गुण ताडून पाहतात. प्रश्नावलीला त्यांच्यातला फरक ओळखता आला पाहिजे.

तिसरी पायरी भाषेची. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायचे. मग ज्याने मूळ पाहिलेले नाही, अशा दुसऱ्या माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचे आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. त्यानंतर काही पालकांना वाचायला देऊन त्यांना काय समजले ते विचारायचे. उलटून बोलतो आणि शाळा बुडवतो, असे एकाच वाक्यात दोन प्रश्न असतील, तर ते तोडायचे. उलटून बोलणारा मुलगा रोज शाळेत जाणाराही असतो.

चौथी पायरी तुलनेची. मुलाला १७ गुण मिळाले, म्हणजे जास्त की कमी? हे ठरवायला त्याच वयाच्या, तशाच भागातल्या पुष्कळ मुलांचे गुण आधी गोळा करावे लागतात. मुंबई किंवा लंडनच्या मुलांवरून ठरवलेली मर्यादा अमरावती जिल्ह्यातल्या मुलाला जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे.

आई एक सांगते, शिक्षक दुसरे, खरे कोणाचे?

आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून हा प्रश्न तपासला. पूर्ण मेळ असेल तर १ आणि मुळीच नसेल तर शून्य, अशा मापात आई-वडिलांसारख्या सारख्या भूमिकेतल्या दोन माणसांच्या उत्तरांचा मेळ सरासरी ०.६० निघाला. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांत तो ०.२८ वर आला. मूल स्वतःविषयी सांगते आणि मोठी माणसे त्याच्याविषयी सांगतात, यांचा मेळ तर ०.२२ एवढाच होता.

याचा अर्थ कोणीतरी खोटे बोलते असा नाही. मूल घरी वेगळे असते, वर्गात वेगळे आणि मित्रांत त्याहून वेगळे. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पालकाचे उदाहरण घेता येईल. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या वडिलांना मूल जागेपणी जेमतेम तास-दोन तास दिसते. गेल्या सहा महिन्यांतले वागणे विचारले, तर त्यांचे उत्तर प्रामाणिक असेल, पण तेवढ्याच तासांचे असेल. आजीला जास्त माहीत असू शकते. मनातली भीती किंवा उदासी मात्र अनेकदा मुलालाच माहीत असते. म्हणून चांगला समुपदेशक एका फॉर्मवर थांबत नाही. घर, शाळा आणि मूल, तिघांना विचारतो.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

फॉर्म हातात आला, तर तीन गोष्टी विचारायला संकोच करू नये. ही प्रश्नावली मराठी मुलांवर तपासलेली आहे का? निकाल कोण वाचणार आहे, त्याचे प्रशिक्षण झाले आहे का? आणि हा कागद कोणाकडे राहणार आहे?

प्रश्न कळला नाही, तर अंदाजाने खूण करू नये, विचारावे. मुलावर राग आलेल्या दिवशी फॉर्म भरू नये, कारण त्या दिवशीची उत्तरे त्या रागाची असतात. मोबाइलवर फिरणाऱ्या, पाच मिनिटांत मुलाचा स्वभाव सांगणाऱ्या चाचण्यांवरून तर मुलाला नाव ठेवूच नये. त्या कोणी, कोणावर तपासल्या, याचा बहुधा पत्ता नसतो.

गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला, असे नाही. अशी प्रश्नावली चाळणीचे काम करते. पुढे तज्ज्ञाने मुलाशी बोलून ठरवायचे असते. उलट गुण कमी आले, पण मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर कोणत्याही कागदाची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे.

स्टॅनले हॉल यांनी आईवडिलांना विचारायला सुरुवात केली आणि ते त्यांचे मोठे काम होते. विचारलेले तपासायचे असते, हे जगाने त्यांच्या चुकांतून शिकले. त्या न तपासलेल्या उत्तरांतून किशोरवयावर बसलेला शिक्का शंभर वर्षांनंतरही घराघरांत ऐकू येतो. एका मुलाच्या नावापुढे केलेली खूणही त्याला तशीच बराच काळ चिकटून राहू शकते.